सराय कायद्याचं फुकट पाणी आणि पतंगाचं विमान: खरं किती, थापा किती?

तापीकाठचा
परवा पारोळ्याकडे जाताना एका ढाब्यावर मित्राने मालकाला दम भरला. "1867 चा सराय कायदा माहितीये का? पाणी फुकट द्यावंच लागतं!" मालकाने घाबरून जग आणून ठेवला. घरी येऊन मी तो कायदा वाचून काढला. सरायवाल्याने (वाटसरूंना उतरायची जागा चालवणाऱ्याने) विहीर-टाकं साफ ठेवावं, चौकीदार ठेवावा, दराची पाटी लावावी, हे सगळं आहे. वाटसरूला फुकट पाणी कुठेच नाही. माझं मत स्पष्ट आहे: हे 'विचित्र कायदे' म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या थापा.

जिनवाला
सरसकट नको. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 20 बघा. कारखान्यात थुंकदाण्या ठेवायच्या, बाहेर थुंकला तर दंड जास्तीत जास्त 5 रुपये, आणि तशी पाटीही लावायची, असं त्यात होतं. आमच्या जिनिंगमध्ये ती पाटी होती. तिच्यावरच लोक पिचकारी मारायचे. 5 रुपयांत आता पुडी येत नाही, दंड कसला!

गच्चीवरचा
आणि पतंग? 1934 च्या विमान कायद्याने पतंग म्हणजे विमान. संक्रांतीला अख्खं जळगाव विनापरवाना पायलट! 😀

तापीकाठचा
व्याख्येत पतंग आहे, मान्य. पण शिक्षा होती ती जाणूनबुजून लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असं उडवल्याबद्दल. 'लायसन नाही म्हणून जेल' हे सांगणाऱ्याने पदरचं घातलेलं. आणि तो कायदाही गेला, 1 जानेवारी 2025 पासून नवा आलाय. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मरायला बंदी आहे, ही त्यातलीच थाप. तिथल्या विधी आयोगानेच ती खोडून काढली. चिलखत घालून आत जायची बंदी मात्र 1313 पासूनची, खरी.

बांधावरचा
तुम्ही दोघं 'जुना' आणि 'विनोदी' एकच धरून चाललात. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चा आहे. कापूस वेचणीच्या ऐन दिवसात शेजाऱ्याने वहिवाटीच्या रस्त्यावर काटेरी फांद्या टाकल्या, बैलगाडी निघेना. मी कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज टाकला. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो, हे लक्षात ठेवा. साहेब येऊन बांधावर उभे राहिले, रस्ता मोकळा झाला. शंभर वर्षांपूर्वीचा कागद माझ्या कामी आला, मी त्याला हसू कसा?

जिनवाला
भाऊ, म्हणूनच म्हणतो, कायदा खरा असतो.

पांझरेचं पाणी
सगळ्यांना हसूच येतंय. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदाही खराच होता. त्या जमातीत जन्मला एवढ्यावर माणूस गुन्हेगार, ठाण्यात हजेरी. 1952 मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की आजही आधी त्यांच्याच पालावर जातात. तो कायदा गमतीच्या यादीत कधीच येत नाही, बघा.

तापीकाठचा
हे बरोबर. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण फुकट पाण्यावर मी ठाम.

गच्चीवरचा
विषय हलका करतो. 1878 चा गुप्तधन कायदा: जमिनीत पुरलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. हे खरं की थाप?

तापीकाठचा
खरं. रक्कमसुद्धा खरी.

बांधावरचा
मंग मना बापले नांगरताना चांदीनं नाणं सापडेल शे, ते आते कलेक्टरले सांगू का?