शब्दचर्चा : 'अभय', 'मुदत', 'मोबदला' – पिस्तूलबंदीच्या कायद्यातले शब्द

अनुवादिनी

नमस्कार मंडळी. एका विधी त्रैमासिकासाठी ब्रिटनमधल्या १९९७ च्या पिस्तूलबंदीवरचा लेख मराठीत आणते आहे. पार्श्वभूमी थोडक्यात अशी : १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या बाई गोळीबारात गेल्या. मारेकऱ्याकडची चारही हत्यारं रीतसर परवान्यावरची होती. लॉर्ड कलन यांचा चौकशी अहवाल त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. पुढच्या वर्षी दोन कायदे झाले. पहिल्याने मोठ्या बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) पिस्तुलं गेली, दुसऱ्याने पॉइंट टू-टूचीही, म्हणजे ०.२२ इंच बोअरचीही.

अडलेलं वाक्य हे : 'शरणागतीच्या काळात पिस्तूलधारकांना सर्वक्षमा देण्यात आली व नुकसानभरपाई अदा करण्यात आली.' व्याकरणात खोट नाही. पण वाचताना हे धारक चंबळच्या खोऱ्यातून उतरून आल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ती रविवारी क्लबात जाऊन निशाणा लावणारी माणसं. काय करू?

काळाकोट

आधी 'सर्वक्षमा' काढा. गुन्हा झालेला असेल तर क्षमा. १९९७ मध्ये ज्यांनी पिस्तुलं आणून दिली त्यांच्याकडे ती कायदेशीर होती, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर या तीन महिन्यांतही कायद्याने ठेवलेल्या सोयीमुळे कायदेशीरच होती. त्याला आपल्याकडे साधा शब्द आहे : मुदत. 'पिस्तुले जमा करण्यासाठी ३० सप्टेंबरपर्यंत मुदत देण्यात आली.' संपलं.

गोंधळ होतो कारण ब्रिटनमध्ये शेजारीच दुसरी गोष्टही घडली होती. जून १९९६ मध्ये, म्हणजे बंदीच्या आधीच, पोलिसांनी महिनाभर जाहीर केलं होतं की बेकायदा हत्यार आणून द्या, बाळगल्याबद्दल खटला भरणार नाही. एप्रिल २००३ मध्ये पुन्हा तसंच केलं, तेव्हा जवळजवळ ४४ हजार हत्यारं जमा झाली. पैसे कुणालाच नाहीत. ते खरं 'अभय'. त्या वेळी येणारा माणूस आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं, परवाना कधीच नसलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन येतो. त्याला बक्षीस नको असतं, बेडी नको असते.

आणि 'अभय' हा शब्द मराठी वाचकाला शिकवावा लागत नाही. मुद्रांक शुल्काची अभय योजना, थकीत वीजबिलाची अभय योजना, पाणीपट्टीची अभय योजना. महापालिकेच्या फलकावर वाचून वाचून तोंडपाठ झालाय. चूक कबूल करा, अमुक तारखेच्या आत या, दंड माफ : हा सगळा अर्थ त्यात बसलेला आहे.

टेबलमागचा

जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गृह शाखेत नोकरी झाली, शस्त्र परवान्यांचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्यामुळे 'शरणागती' वाचून हसू आलं. शरण माणूस येतो, पिस्तूल 'जमा' होतं. परवानाधारकही असंच बोलतात : 'इलेक्शन लागलं, बंदूक जमा केली.' नोंदवहीत शस्त्राचा प्रकार, बोअर, बनावट आणि क्रमांक लिहायचा आणि पावती द्यायची. त्यातला 'बनावट' हा शब्द नव्या कारकुनाला हमखास चकवतो. 'जर्मन बनावटीचे' म्हणजे जर्मनीत घडवलेलं. खोटं नव्हे. बाईंनी लेखात 'बनावट पिस्तूल' लिहू नये एवढ्यासाठी सांगितलं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर शस्त्र अधिनियमातली २०१९ ची दुरुस्ती घ्या. आधी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत. विधेयकात एकच ठेवायचं म्हटलं होतं, पास होताना दोन झाली. १४ डिसेंबर २०१९ पासून अंमल. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांनी एका वर्षाच्या आत ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, वर्ष संपल्यावर नव्वद दिवसांत ते परवान्यावरून कमी व्हायचं. नेमबाजीच्या खेळाडूंना वेगळी तरतूद.

यात 'अभय' नाही आणि पैसेही नाहीत. मुदत आहे फक्त. तिसरं शस्त्र बहुधा वडिलोपार्जित बारा बोअर. ते दुसऱ्या परवानाधारकाला विकून काय येईल ते घ्या, सरकार देणं लागत नाही.

अनुवादिनी

'मुदत' आणि 'जमा' पटलं. 'बनावट'बद्दल विशेष आभार, एका ठिकाणी खरंच लिहिणार होते. पण टेबलमागचे म्हणतात त्यावरून पुढचा प्रश्न. पैसे दिले तर त्याला काय म्हणायचं? 'नुकसानभरपाई' चालेल ना?

लीड्सकर

नाही चालणार, आणि इथेच खरी मेख आहे.

ब्रिटनमध्ये धारकापुढे तीन वाटा होत्या. मोठ्या बोअरच्या पिस्तुलाला सरसकट १५० पौंड घ्या आणि मोकळे व्हा. किंवा सरकारने छापलेल्या किंमतयादीत तुमचं मॉडेल शोधा, तो आकडा घ्या. किंवा, पिस्तूल खास असेल, जुनं असेल, कारागिराकडून घडवून घेतलेलं असेल, तर स्वतंत्र मूल्यांकन मागा. जुनाट, मूठ झिजलेलं पिस्तूल असलेला पहिली वाट धरी, ज्याने मुठीचं लाकूड आपल्या तळहाताच्या मापाने कोरून घेतलंय तो तिसरी. नुसतं पिस्तूलच नव्हे, त्याच्यासोबतचं असं सामान ज्याचा दुसरा काही उपयोगच उरत नाही, त्याचेही पैसे होते. एकूण सुमारे १ लाख ६२ हजार पिस्तुलं जमा झाली.

आता यातला प्रत्येक पैसा 'वस्तूची किंमत' आहे. घेतली वस्तू, दिली किंमत. आपण त्याला 'मोबदला' म्हणतो. समृद्धी महामार्गात जमीन गेली त्याला मोबदला मिळतो. गारपिटीने द्राक्षं गेली त्याला नुकसानभरपाई मिळते. गावात कुणालाही विचारा, हे दोन शब्द तो अदलाबदल करून वापरणार नाही. मोबदला मागताना माणूस भाव करतो, नुकसानभरपाई मागताना पंचनाम्याची वाट पाहतो.

डनब्लेननंतरच्या कायद्यात मोबदला होता, नुकसानभरपाई नव्हती. क्लब बंद पडले, बंदुकांची दुकानं बसली, दुरुस्ती करणाऱ्यांचा धंदा गेला. त्यांना माल आणि सामानाचे पैसे मिळाले, पण बुडालेल्या धंद्याचा छदाम नाही. काही व्यावसायिक युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. तिथेही उत्तर हेच, की पुढे मिळू शकली असती ती कमाई म्हणजे मालमत्ता नव्हे. तुम्ही मराठीत 'नुकसानभरपाई दिली' लिहिलंत तर वाचक म्हणेल, मग हे कोर्टात भांडले कशासाठी?

मध्येच

मी फक्त वाचनमात्र असतो पण राहवत नाही. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याच्या मराठी नावातच 'भरपाई' शब्द आहे. म्हणजे शासनालाही हा फरक मान्य नाही की काय?

काळाकोट

शासकीय मराठीत एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द नेमून टाकलेला असतो, मग तो जिथे येईल तिथे तोच बसवतात. कायद्याच्या नावात 'भरपाई', तलाठ्याच्या तोंडी 'मोबदला', वर्तमानपत्रातही 'वाढीव मोबदला'. लेखासाठी मी लीड्सकरांच्या बाजूने. सावधगिरी म्हणून फार तर पहिल्या उल्लेखात 'भरपाई (मोबदला)' करा, पुढे नुसतं 'मोबदला'.

एक तारीख मात्र सोडू नका : १६ ऑक्टोबर १९९६. कलन अहवाल प्रसिद्ध झाला आणि सरकारने बंदीचा बेत सांगितला तो दिवस. मोबदला त्यालाच, ज्याच्याकडे त्या दिवसाच्या आधी पिस्तूल होतं किंवा ज्याने ते घेण्याचा करार आधी केला होता. नाहीतर काय झालं असतं ते पुणे-मुंबईच्या कुठल्याही बाह्यवळण रस्त्याची अधिसूचना निघण्याच्या आधी जमिनी कोण घेतं ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. अशा तारखेला मराठीत 'आधारदिनांक' म्हणतात, 'निर्णायक दिनांक'ही चालेल. 'कट-ऑफ' देवनागरीत लिहिलात तरी कुणी अडणार नाही, अकरावीच्या प्रवेशाने तो शब्द घराघरात नेलाय.

मेलबर्नकर

सरकार पैसे देऊन लोकांची शस्त्रं घेतं त्याला इंग्रजीत 'बायबॅक' म्हणतात, त्याला 'पुनर्खरेदी' लिहू नका एवढंच सांगायला आले. शेअरबाजारात कंपनी स्वतः विकलेले समभाग परत घेते, तिथे 'पुन्हा' ठीक आहे. सरकारने ही पिस्तुलं विकलीच नव्हती.

ऑस्ट्रेलियात हा शब्द १९९६ पासून रुळला. एप्रिल १९९६ मध्ये टास्मानियात पोर्ट आर्थरला ३५ माणसं गेली, त्यानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेतल्या. त्या बहुतेक लांब नळीच्या. पैसा उभा करायला आरोग्य विम्याच्या मेडिकेअर पट्टीत एका वर्षापुरती ०.२ टक्के वाढ केली. म्हणजे ज्याने आयुष्यात बंदूक पाहिली नाही त्यानेही भरले. पिस्तुलांची पाळी नंतर आली : ऑक्टोबर २००२ मध्ये इथल्या मोनॅश विद्यापीठात एका विद्यार्थ्याने वर्गात दोघांना मारलं, आणि २००३ च्या दुसऱ्या सहामाहीत पिस्तूल खरेदी योजना आली. ती सरसकट नव्हती. अर्धस्वयंचलित पिस्तुलाची नळी १२० मिलिमीटरपेक्षा आखूड असेल, रिव्हॉल्व्हरची १०० पेक्षा, तर ते द्या. खिशात लपण्याजोगं ते बाद, खेळाचं ते राहिलं.

पैसे का दिले? दयाबुद्धीने नव्हे. इथल्या राज्यघटनेच्या कलम ५१ मध्ये लिहिलंय की केंद्राने मालमत्ता घेतली तर ती न्याय्य अटींवरच घ्यावी. त्यामुळे मी 'सरकारी खरेदी' किंवा 'सक्तीची खरेदी' म्हणेन. ताई, 'ऐच्छिक' चुकूनही नको.

काळाकोट

भारतात २०१९ ला पैसे का नाहीत याचंही उत्तर यातच आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, अनुच्छेद ३००-क पुरता उरला. आणि इथे सरकार शस्त्र घेतच नाही, तुमचा परवाना कमी करतं, शस्त्र विकायची वाट मोकळी ठेवतं. घेतलं नाही तर मोबदला कशाचा, असा तो सगळा मामला.

अनुवादिनी

वा, धागा लेखापेक्षा मोठा होणार. अजून दोन शब्द. एक, कॅनडात २०२२ मध्ये पिस्तुलं 'गोठवली' म्हणतात, म्हणजे ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे राहू दिली पण विक्री-हस्तांतर बंद. ही जी आहे त्याला राहू देण्याची सवलत, तिला काय म्हणावं? इंग्रजीत आजोबा घालून 'ग्रँडफादर क्लॉज' म्हणतात, ते मराठीत कुठून आणू?

टेबलमागचा

आजोबा इंग्रजांकडेच राहू द्या. आपला शब्द आहे 'तहहयात'. मालक जिवंत असेतो त्याच्याकडे, पुढे वारसाला नाही. कॅनडातली गोष्ट तशीच दिसते : २१ ऑक्टोबर २०२२ नंतर सामान्य माणसाला पिस्तूल विकत घेता, विकता, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, त्यात मुलगाही आला. 'विद्यमान धारकांना तहहयात मुभा'. एका ओळीत काम झालं.

काळाकोट

सुंदर. आणि याच कॅनडात 'अभय' कुठे बरोबर बसतो तेही पाहून घ्या. १ मे २०२० ला तिथे लष्करी धर्तीच्या रायफलींवर एका आदेशाने बंदी आली, ती त्याच दिवसापासून. सकाळी कायदेशीर असलेला धारक संध्याकाळी गुन्हेगार. म्हणून सोबतच दुसरा आदेश काढला, की अमुक तारखेपर्यंत नुसतं बाळगल्याबद्दल कारवाई नाही. ती तारीख मग पुढे पुढे ढकलत नेली. इथे 'मुदत' पुरत नाही, कारण गुन्हा अस्तित्वात आलाय आणि वर पांघरूण घातलंय. इथे 'अभय आदेश'च.

दुसरा शब्द कुठला?

अनुवादिनी

कायद्याच्या शेवटी येतात त्या, जुन्याकडून नव्याकडे जाताना मधल्या काळाच्या तरतुदी. मी 'संक्रमणकालीन' लिहिलंय. मकरसंक्रांतीचे तीळगूळ आठवतात.

काळाकोट

आठवू द्या, तोच अधिकृत शब्द आहे. महाराष्ट्राचा कुठलाही अधिनियम उघडा, शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' असं कलम दिसेल. 'व्यावृत्ती' म्हणजे जुन्या कायद्याखाली झालेलं जे वाचवायचं ते. तुमच्या वाचकाला, तो विधीचा असल्यामुळे, दोन्ही चालतील. इतरांसाठी 'मधल्या काळाची तरतूद'.

लीड्सकर

एक अवांतर, पण बाईंच्या लेखात शोभेल. ब्रिटिश कायद्यात पिस्तूल म्हणजे काय हे लांबीवर ठरतं : नळी ३० सेंटीमीटरपेक्षा कमी किंवा अख्खं हत्यार ६० पेक्षा कमी, की ते बंदीत. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू भरायची जुन्या पद्धतीची पिस्तुलं वगळली. झालं, लोक त्याच्याकडे वळले, आणि काही जण लांब नळीची, मागे दांडा जोडलेली विचित्र पिस्तुलं घेऊन क्लबात येऊ लागले. खेळाडूंना सराव करायला परदेशी जावं लागलं, आणि मोठ्या स्पर्धांसाठी सरकारला खास परवानग्या काढाव्या लागल्या. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, ते पॉइंट टू-टूच्या पिस्तुलाने, आणि डनब्लेनच्याच स्कॉटलंडमध्ये. बाहेरच्या रस्त्यावर तेच पिस्तूल हातात असतं तर सरळ तुरुंग. रौप्यही आपल्याच अनिसा सय्यदचं.

अशा खास परवानगीला 'सूट' म्हणा, 'अभय' नको, 'माफी' तर नकोच.

अनुवादिनी

वाक्य आता असं झालंय : 'परवानाधारकांना पिस्तुले जमा करण्यासाठी ३० सप्टेंबर १९९७ पर्यंत मुदत देण्यात आली आणि १६ ऑक्टोबर १९९६ पूर्वी ज्यांच्याकडे ती होती त्यांना मोबदला देण्यात आला. बुडालेल्या व्यवसायाची नुकसानभरपाई मात्र नाकारण्यात आली.' चालेल?

टेबलमागचा

'पिस्तुले' शब्दाआधी 'मोठ्या बोअरची' घाला. पॉइंट टू-टूवाल्यांची पाळी फेब्रुवारी १९९८ ला आली होती, ते म्हणतील आम्हाला का घाई केलीत.