मदत हवी आहे: ‘रूमर्स’ आवडतच नाहीये, कसा ऐकू?

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या माझ्या मामांनी जिवापाड जपलेली फ्लीटवुड मॅक या रॉक बँडच्या ‘रूमर्स’ अल्बमची एलपी (जुनी तबकडी) मला दिली. कव्हरचा एक कोपरा झिजलाय, त्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी. देताना म्हणाले, “ऐक आणि मला सांग.” येत्या रविवारी ते कॉलेज रोडला आमच्याकडे जेवायला येणार आहेत.

मी चार वेळा पूर्ण ऐकला. मनाला भिडत नाही. 1977 चा अल्बम, चार कोटींच्या वर खपलेला, 1978 चा ग्रॅमी मिळालेला, हे सगळं मान्य. बँडमधली दोन जोडपी तेव्हा तुटत होती आणि ते एकमेकांवरच गाणी लिहीत होते, हेही वाचलंय. पण ते दुःख मला ऐकूच येत नाही! सगळं इतकं गुळगुळीत, घासूनपुसून ठेवल्यासारखं. अपवाद फक्त ‘द चेन’ या गाण्याचा. शेवटाकडे सगळं थांबतं आणि एकटा बेस गिटार सुरू होतो, तिथे अंगावर काटा आला. मी सुई उचलून तेवढाच तुकडा परत परत लावला.

जाणकारांनो, बाकीच्या गाण्यांत कान नेमका कुठे लावू? ड्रम्स, गिटार, की बँडमधल्या तिघा गायकांचे मिसळलेले आवाज? शब्द समोर ठेवून ऐकू का?

आणि तरीही नाही आवडला, तर मामांना कसं सांगू? खोटं बोलायचं नाहीये, पण त्यांचं मन मोडायचं माझ्या जिवावर येतंय.