सेस्क्विपिडेलिअन : दीडफुटी शब्द

प्रश्न : एका इंग्रजी पुस्तक-परीक्षणात लेखकाच्या शैलीला ‘सेस्क्विपिडेलिअन’ म्हटलंय. कोशात ‘लांबलचक शब्द वापरणारा’ एवढंच सापडलं. ही स्तुती की टोमणा? आणि मराठीत काय म्हणावं?

उत्तर : टोमणाच, पण हसत हसत मारलेला. लांबलचक शब्दालाही हे विशेषण लागतं आणि असे शब्द फेकणाऱ्यालाही. रोमन लिपीत तब्बल १४ अक्षरं! म्हणजे शब्द स्वतःच स्वतःचा नमुना.

मूळ लॅटिन. ‘सेमिस’ म्हणजे अर्धा, ‘क्वे’ म्हणजे आणि. त्यातून झालं ‘सेस्क्वि’, म्हणजे दीड. पुढचा ‘पेस’ म्हणजे पाऊल, आपल्या ‘पाद’चा दूरचा भाऊबंद. सरळ अर्थ, दीड फूट लांब. रोमन बांधकामात दीडफुटी विटांना हेच नाव होतं. रोमन फूट साधारण २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे वीट ४४ सेंटिमीटरची झाली.

शब्दांसाठी हे विशेषण प्रसिद्ध केलं ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या होरेस कवीने. ‘आर्स पोएतिका’ या काव्यकलेवरच्या लॅटिन कवितेत तो म्हणतो, टेलिफस आणि पेलिअस हे शोकांतिकेतले नायक दरिद्री, परागंदा झाल्यावर फुगीर भाषा आणि दीडफुटी शब्द टाकून देतात, नाहीतर प्रेक्षकाच्या काळजाला त्यांचं दुःख भिडणार कसं? गंमत अशी, की ‘पेस’ म्हणजे छंदातला गणही. सहा गणांच्या त्या ओळीत ‘सेस्क्विपेडालिआ’ हा एकच शब्द पुरे दोन गण अडवून बसतो, तेही आपले भ गण, गुरु-लघु-लघु. नाव दीडाचं, जागा दोनाची.

मराठीचं म्हणाल, तर ‘शब्दबंबाळ’ इथे चालणार नाही. त्यात शब्दांची गर्दी आहे, लांबी नाही. चिमुकल्या शब्दांनीही लेख बंबाळ होतो. ‘अतिदीर्घशब्दप्रिय’ म्हणजे रोगालाच औषधाचं नाव. मी सरळ ‘दीडफुटी’ म्हणेन. आपल्या दीडाला हिणवण्याची सवय आहेच: दीडशहाणा, दीडदमडीचा. हा दीड आला संस्कृत ‘द्व्यर्ध’वरून, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धा आहे तो. जर्मनमधला दीड, ‘आन्डर्टहाल्ब’, अगदी असाच घडलाय.

प्रश्न : मग ‘किंकर्तव्यविमूढ’ दीडफुटी म्हणायचा का?

उत्तर : कोण बोलतंय त्यावर आहे. कीर्तनकाराच्या तोंडी तो शोभतो, समासाचे सांधेही स्वच्छ दिसतात. पण नाटकात नुकताच बाप गेलेला मुलगा ‘मी किंकर्तव्यविमूढ झालोय’ म्हणाला, तर होरेसने तिथे काट मारली असती. तो मुलगा ‘काही सुचेना’ म्हणेल. बहुधा तेवढंही म्हणणार नाही.