शत्रूने देऊ केलेलं सिंहासन : तुमचे अनुभव लिहा

उंबरठा (धागाकर्ता)

गोष्टींमधला एक ठरलेला प्रवेश. लढाई ऐन रंगात आलेली, आणि खलनायक मध्येच थांबून नायकाला म्हणतो, "माझ्या बाजूला ये, अर्धं राज्य तुझं." नायक छाती पुढे काढून "प्राण गेला तरी नाही" म्हणतो, आणि पुन्हा खणाखणी सुरू. मी तर हे पान बहुतेक वेळा न वाचताच उलटतो. त्या नायकाला राज्य मुळात नकोच असतं. नको असलेली वस्तू नाकारण्यात कसला आलाय पराक्रम?

पण क्वचित असा प्रसंग भेटतो की वाचता वाचता आपणच मनात म्हणतो, "अरे घे की बाबा, काय हरकत आहे?" ते प्रसंग मला हवे आहेत. कुठे वाचलेत, रंगवलेत, खेळलात किंवा स्वतः जगलात, ते लिहा. देऊ करणारा दुष्टच असला पाहिजे असं नाही, पलीकडच्या बाजूचा असला म्हणजे झालं. कथासार नको, ते सगळ्यांना पाठ आहे. दोन ओळींचे प्रतिसादही चालतील.

विंगेतला

कॉलेजच्या एकांकिकेत मी कर्ण केला होता. उद्योगपर्वातला प्रसंग. शिष्टाई फसल्यावर कृष्ण हस्तिनापुरातून निघतो आणि कर्णाला आपल्या रथात घेतो. सांगतो की तू कुंतीचा मुलगा, म्हणजे शास्त्राप्रमाणे पांडूचा थोरला. चल, तुला राज्याभिषेक करू.

तालमीत मी हे सगळं ताठ मानेने ऐकायचो. दिग्दर्शक वैतागला. म्हणाला, "तू नकार घरून पाठ करून आलायस. तो काय देतोय ते आधी ऐक तरी." मग त्याने मला मूळ यादी वाचायला बसवलं. युधिष्ठिर युवराज होऊन, हातात चवरी घेऊन तुझ्या मागे रथात बसेल. भीम तुझ्यावर पांढरं छत्र धरेल. आणि तुझा रथ अर्जुन हाकेल.

इथे माझी मान आपोआप वळली. सूतपुत्र म्हणून ज्याला जन्मभर हिणवलं, भर रंगमंडपात कूळ विचारून ज्याला अर्जुनाशी लढू दिलं नाही, त्याला सांगतायत की अर्जुन तुझा सारथी होईल! पृथ्वीचं राज्य बाजूला राहू दे, हे एक वाक्य पुरेसं होतं. कृष्णाने नेम कुठे धरलाय बघा.

कर्णाची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. अधिरथाने उचलून घरी नेलं, मला बघून राधेला पान्हा फुटला, बायका सूतकुळातल्या, मुलं-नातवंडं तिथली, आणि दुर्योधनाच्या आधाराने तेरा वर्षं राज्य भोगलं. माझ्या अंगावर येतं ते त्याच्या पुढचं. तो कृष्णाला म्हणतो, हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. मी थोरला हे कळलं तर तो राज्य घेणार नाही, आणि ते माझ्याकडे आलं तर मी दुर्योधनाला देऊन टाकीन. म्हणजे बघा, स्वतःवर किती कमी भरवसा आणि दोन्ही मित्र-शत्रूंची किती पक्की पारख! नकार देऊन झाल्यावर या माणसाने परतीची वाटही स्वतःच बुजवून टाकली.

प्रयोगात हे वाक्य मी फार हळू म्हणायचो. मागच्या रांगेतून हमखास "आवाज!" अशी आरोळी यायची.

ओवी

विंगेतला, यादीतलं एक कलम तुम्ही गाळलंत. पाचांच्या पाळ्या झाल्या की सहाव्या वेळी द्रौपदी तुझ्याकडे येईल, असंही कृष्ण सांगतो. मी हे पहिल्यांदा मुळात वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. द्यूतात पणाला लावली तेव्हा निदान भर सभेत तिला प्रश्न तरी विचारता आला होता. इथे तर तिच्या कानावरसुद्धा नाही. आणि कर्णाच्या नकाराच्या कारणांतही ती कुठे नाही, हे मला त्याहून जास्त लागलं.

विंगेतला

ओवी, खरंय. आमच्या संहितेतून ते वाक्य दिग्दर्शकानेच कापलं होतं. कारण विचारायचं तेव्हा मला सुचलंही नाही.

गडभटक्या

पुरंदरावर मित्रांना घेऊन गेलो की मुरारबाजीच्या पुतळ्याजवळ थांबणं होतंच, आणि गोष्ट सांगायची वेळ माझ्यावर येते. १६६५. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाचा वेढा. बखरकार सभासद लिहितो की मुरारबाजी सातशे माणसांनिशी खाली उतरून पठाणांवर तुटून पडला. त्याचं लढणं बघून दिलेरखान थक्क झाला आणि म्हणाला, कौल (अभयाचं वचन) घे, मोठा मर्दाना शिपाई आहेस, तुला नावाजतो. मुरारबाजीचं उत्तर, तुझा कौल म्हणजे काय? मी शिवाजी महाराजांचा शिपाई, तुझा कौल घेतो की काय? आणि तो थेट खानावर चालून गेला. खानाने स्वतः तीर मारून त्याला पाडला.

सांगताना मी 'कौल' या शब्दावर भराभर पुढे जायचो, कारण ऐकणाऱ्यांना टाळीचं वाक्य हवं असतं. एकदा मात्र बरोबर फौजेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते म्हणाले, "टाळ्या जाऊ द्या. खान खरं बोलत होता की खोटं?" मला वाटतं, खरं बोलत होता. शत्रूच्या शिपायाचं भर लढाईत कौतुक करावं असं त्याला मनापासून वाटलं असणार. खोट्या आमिषाचा निदान राग येतो. हे आमिष कदर करणाऱ्याचं होतं, आणि आपली कदर व्हावी असं कोणत्या शिपायाला वाटत नाही?

जुनी कागदपत्रं

गडभटक्या, याला एक पुरवणी. मुरारबाजी आधी जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी होता, मोऱ्यांकडून महाराजांशी लढला आणि त्याचा पराक्रम बघून महाराजांनी त्याला आपल्याकडे घेतलं, असं सांगतात. १६५६ ची जावळी. ते खरं धरलं तर 'शत्रूने कदर केली आणि बोलावलं' हा प्रसंग त्याच्या आयुष्यात दोनदा आला. एकदा तो 'हो' म्हणाला. पुतळा दुसऱ्या उत्तराचा झाला, पण मला पहिल्याबद्दल जास्त कुतूहल आहे.

गडभटक्या

मान्य. पण जावळी पडल्यावर मोरे उरलेच नव्हते. धनी संपल्यावर दुसऱ्याची चाकरी धरणं वेगळं आणि धनी गडाकडे डोळे लावून बसलेला असताना कौल घेणं वेगळं. तुम्ही दोन्ही एकाच पारड्यात टाकताय.

जुनी कागदपत्रं

एकाच पारड्यात टाकत नाही हो, शेजारी शेजारी ठेवतोय. तसंच कान्होजी जेध्यांचं बघा. १६५९ ला अफझलखान आला तेव्हा आदिलशाही फर्मानं मावळच्या देशमुखांना गेली. खानाला येऊन मिळा, नाहीतर याद राखा. तिथे नवीन काही मिळणार नव्हतं. आपलंच पिढीजात वतन आपल्याकडे राहील, एवढीच लालूच. कान्होजी मुलांना घेऊन महाराजांसमोर गेले आणि वतनावर पाणी सोडलं. खंडोजी खोपडे खानाकडे गेला, आणि पुढे एक हात नि एक पाय गमावून बसला. शाळेत आम्हाला खोपडे म्हणजे फितूर एवढंच शिकवलं. त्या वेळी विजापूरचा फौजफाटा डोळ्यांसमोर बघणाऱ्याला कोणती बाजू शहाणपणाची वाटली असेल, हे कुणी विचारू दिलं नाही.

पाळी दुसरी

राजेरजवाडे झाले, आता कारखान्यातलं सांगतो. मी कामगारांच्या वाटाघाटी समितीत होतो. बोलणी अडली होती. एका संध्याकाळी मला एकट्याला वर बोलावलं. धमकी येईल म्हणून तयारीत गेलो, तर चहा आला. समोर एक कागद सरकवला. सुपरवायझरचं पत्र, तारखेची जागा तेवढी कोरी. माझं नाव टाइप केलेलं आणि आडनाव बरोबर लिहिलेलं. पगारपत्रकावर ते वर्षानुवर्षं चुकीचं छापून येत होतं. अर्ज करून थकलो होतो, कुणी दुरुस्त केलं नाही. त्या कागदावर मात्र वेलांटीसकट अचूक.

खरं सांगतो, पद आणि पगार मला नंतर दिसले. आधी नाव दिसलं. आणि पद तरी फुकटचं कुठे होतं? कामाच्या अनुभवावर ते मला कधीच मिळायला हवं होतं.

मी म्हटलं, "समितीत विचारून सांगतो." साहेबांनी कागद दोन बोटांनी परत ओढला. "हे आपल्या दोघांतलं आहे," म्हणाले. तिथे मला त्या कागदाचा अर्थ कळला. चारचौघांत सांगितला तर तो रद्दी होता. खाली येऊन मी सगळ्यांना सांगून टाकलं. बढती वगैरे पुढे मिळाली नाही, आडनावही आहे तसंच राहिलं. मी धुतल्या तांदळासारखा आहे असं समजू नका. कागद ओढला नसता तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक.

विंगेतला यांनी लिहिलेलं कर्णाचं 'हे युधिष्ठिराला सांगू नकोस' वाचून जरा गंमत वाटली. मला तोंड मिटून ठेवायला सांगणारा देणारा होता. त्यांच्या गोष्टीत तेच घेणारा सांगतोय.

पॉज बटण

सगळे नाकारणाऱ्यांबद्दल बोलतायत. मी 'हो' म्हटलेलं आहे.

'ड्रॅगन क्वेस्ट', १९८६ चा जपानी व्हिडिओ गेम, इंग्रजी भाषांतरात खेळलो. सगळा खेळ पार करून शेवटच्या राक्षसराजासमोर पोचलं की तो लढायच्या आधी विचारतो, माझ्याकडे येतोस? अर्धं जग देतो. पडद्यावर 'हो' आणि 'नाही' असे दोन पर्याय. इतके गेम खेळल्यावर माझी खात्री होती की 'हो' नावापुरतंच असणार. दाबून बघितलं. तो म्हणतो, "खरंच?" पुन्हा 'हो'. मग कळतं की तुझ्या वाट्याचं अर्धं जग म्हणजे अंधाराचा अर्धा भाग. आता झोप, तुझा प्रवास संपला. खेळ खलास!

मी वैतागलो, पण मनातून दादही दिली. गोष्ट वाचताना 'घे की' म्हणायला काही लागत नाही. इथे ते म्हणून बघायची सोय होती आणि त्याचा हिशोबही लगेच चुकता होत होता. पुढे २०१६ मध्ये याच मालिकेत आणखी एक गेम आला. तो त्या नायकाने 'हो' म्हटलेल्या जगातच घडतो. सगळं उद्ध्वस्त, आणि वीट वीट जोडून पुन्हा उभं करायचं आपण.

तिकीटबारी

मग १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या सिनेमाचं नाव घ्यायलाच हवं. खलनायक वेडर नायक ल्यूकचा हात तोडतो, मी तुझा बाप म्हणून सांगतो आणि लगेच चल, मिळून राज्य करू. लोक बापाच्या वाक्यावर हरखतात. मला हा प्रसंग कधीच भावला नाही. आधी हात तोडायचा आणि मग भागीदारी मागायची, हा कुठला सौदा? कृष्णाकडे शिकवणी लावायला हवी होती त्याने.

पारायण

रावणाकडेही शिकवणी लागली असती. वाल्मीकींच्या युद्धकांडात तो शुक नावाच्या दूताला सुग्रीवाकडे धाडतो. निरोप असा की तू मला भावासारखा, मी रामाची बायको पळवली त्यात तुझं काय गेलं, किष्किंधेला परत जा. देऊ काहीच करत नाही, फक्त 'तुझं काय जातंय' विचारतो. वानरांनी शुकाला धरून बदडला ते सोडा, हा प्रश्न आजही रोज कुणी ना कुणी विचारतच असतो.

पिंपळपान

मी थोडंफार पाली वाचते. मार, म्हणजे बुद्धांना भुलवायला येणारा, म्हटलं की लोकांना बोधिवृक्षाखालची सेना आणि मारकन्या आठवतात. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात एक लहानसं सुत्त (प्रवचन) आहे, त्यातला मार मला जास्त भितीदायक वाटतो. बुद्ध हिमालयाच्या परिसरात एका कुटीत एकटे आहेत. त्यांच्या मनात विचार येतो, न मारता, न मारवता, न जिंकता, दुःख न देता, धर्माने राज्य करणं शक्य आहे का? मार लगेच हजर. म्हणतो, करा ना भगवन्, राज्य करा. तुम्ही मनात आणलंत तर हिमालयसुद्धा सोन्याचा होईल.

म्हणजे लालूच बाहेरून आलीच नाही. विचार बुद्धांचाच, तोही चांगला विचार. माराने फक्त त्याला होकार भरला. बुद्ध उत्तर देतात की सोन्याचा अख्खा पर्वत, त्याच्या दुप्पट जरी असला, तरी एका माणसाला पुरणार नाही. पण धर्माने राज्य करता येईल का, या मूळ प्रश्नाचं उत्तर सुत्तात येतच नाही. आमच्या वाचनगटात यावर बरीच खडाजंगी झाली. एकीचं म्हणणं, मार आला हेच उत्तर. मला ते पटत नाही. प्रश्न विचारणंच पाप ठरवल्यासारखं होतं ते.

उंबरठा

पिंपळपान, हे मला ठाऊक नव्हतं. मी धागा काढला तेव्हा देणारा नायकाला काहीतरी परकं देतो असं गृहीत धरलं होतं. तुमचे प्रतिसाद वाचतोय तर कर्णाला त्याचं जन्माचं, जेध्यांना त्यांचं वतन, 'पाळी दुसरी' यांना त्यांचं आडनाव. परक्या वस्तूवर कुणाचा जीव अडकलेला दिसला नाही. अजून लिहा.

गलबत

उंबरठा, तुमच्या यादीत न बसणारा एक देतो. थेमिस्टोक्लीस, अथेन्सचा सेनानी. इ. स. पू. ४८० मध्ये सलामिसच्या समुद्रात इराणी आरमाराचा धुव्वा उडवण्यामागचं डोकं याचं. पुढे अथेन्सनेच त्याला हद्दपार केलं, मग देशद्रोहाचा आरोप ठेवून माणसं मागे लावली. तो पळत पळत गेला कुठे, तर इराणच्या राजाकडे! राजाने त्याला मॅग्नेशिया दिलं भाकरीसाठी, लॅम्पसॅकस वाइनसाठी आणि मायस तोंडीलावण्यासाठी. तीन शहरं, एका माणसाच्या ताटापुरती. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीज हा हिशोब अगदी सरळ लिहून जातो.

मी पेशाने हिशेबनीस, त्यामुळे या तीन नोंदींवर बराच वेळ अडलो होतो. बदल्यात त्याने काय कबूल केलं होतं, तर ग्रीस जिंकून द्यायला मदत. थुसिडिडीजच्या मते तो आजाराने वारला. पण त्याच्याही काळात अशी बोलवा होती की शब्द पाळणं जमणार नाही हे कळल्यावर त्याने विष घेतलं. त्याची हाडं नातेवाइकांनी गुपचूप अथेन्सच्या भूमीत आणून पुरली असंही म्हणत, कारण देशद्रोह्याला तिथे उघड पुरायला बंदी होती.