मदत हवी आहे : २१व्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन कमी आलंय, पण माझी पाळीच ३८ दिवसांनी येते

नमस्कार. वय ४३, सांगली. मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहायला असते. दिवाळीपासून पाळीचं गणित बिघडलंय. आधी महिन्याच्या महिन्याला यायची, आता ३६-३८ दिवस जातात आणि आली की धो धो, गाठी पडतात. त्यात हळदीचा सीझन. दुकानात सगळी बैठक पांढऱ्या चादरीच्या गादीवर. त्या दिवसांत मी कंबर धरलीय म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची ओढून घेते. मालक वडिलांच्या वयाचे, त्यांना काय सांगणार?

थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन ९.२. २१व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासलं, ते ०.७ आलं, पुढे खाली जाणारा बाण. मॅडमनी २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिलीय, महिन्यातले १२ दिवस, रात्री झोपताना. ओपीडीत गर्दी एवढी, की मी तोंड उघडेपर्यंत पुढची पेशंट आत.

जाऊबाई म्हणतात, गौरीच्या वेळी पाळी पुढे ढकलायला घेतो त्याच या गोळ्या, आणि हार्मोनने कॅन्सर होतो. अजून पाकीट फोडलेलं नाही. हे प्रोजेस्टेरॉन नक्की करतं काय? आणि ०.७ म्हणजे फारच कमी का?

मिरजेची लॅबवाली :
ताई, रिपोर्टवर पाळीची तारीख लिहिलीय का बघा. आमच्याकडे निम्म्या फॉर्मवर ती जागा कोरीच असते.

प्रोजेस्टेरॉन वाढतं ते स्त्रीबीज बाहेर पडल्यावर. बीज सुटलं की त्या जागी जी पिवळी गाठ तयार होते, ती ते बनवते. गर्भ राहिला नाही तर ती साधारण १४ दिवसांत सुकते, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते. २१वा दिवस हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा. तुमची ३८ची, म्हणजे बीज सुटलंच तर २४व्या दिवसाच्या आसपास. २१व्या दिवशी ०.७ येणारच! पाळी यायच्या साधारण आठवडाभर आधी, तुमच्या बाबतीत ३१व्या दिवशी, रक्त द्यायला हवं होतं. तेव्हा ३ च्या वर आलं तर बीज सुटलं असं धरतात.

म्हणून औषध चुकीचं असं मात्र नाही. चाळिशीनंतर काही महिने बीज सुटतच नाही. मग इस्ट्रोजेन एकटंच गर्भाशयाचं अस्तर वाढवत बसतं, त्याला आवर घालायला प्रोजेस्टेरॉन नसतं. ते अस्तर जाड होऊन एकदम सुटतं, त्याच या गाठी. कॅप्सूल त्या अस्तराला आवरते. बंद केल्यावर काही दिवसांत पाळी येते, घाबरू नका.

कृष्णाकाठ :
गौरीच्या गोळ्या म्हणजे बहुतेक नॉरएथिस्टेरॉन. त्याच घराण्यातली, पण कृत्रिम. तुमच्या कॅप्सूलमधलं प्रोजेस्टेरॉन शरीरातल्यासारखंच असतं. जाऊबाई अर्ध्या बरोबर! आणि कुणी कोनफळाच्या जातीच्या रानकंदाचं 'नैसर्गिक' क्रीम सुचवलं तर पैसे घालवू नका. १९४० च्या दशकात मेक्सिकोत रसेल मार्करने अशाच कंदातून प्रोजेस्टेरॉन बनवलं हे खरं, पण प्रयोगशाळेत. आपलं शरीर ते करत नाही.

मिरजेची लॅबवाली :
कॅन्सरचं म्हणाल तर अस्तर वर्षानुवर्षं आवर न घालता वाढत राहणं, हेच गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरला वाट देतं. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल, तर ते मात्र मॅडमना आधी सांगा. आणि रात्रीच घ्या, गुंगी येते. कॅप्सूल घेऊन स्कूटी चालवायची नाही.

धागाकर्ती :
ताई, रिपोर्ट काढून बघितला. पाळीच्या तारखेची जागा कोरीच आहे! सोनोग्राफीत अस्तर १३ मिलिमीटर लिहिलंय, तीही त्याच दिवशीची. ते जास्त आहे का?

मिरजेची लॅबवाली :
पाळीच्या उत्तरार्धात १३ अगदी नेहमीचं. तुमची मात्र बीज सुटायच्या आधीची, म्हणून तारीख दाखवूनच विचारा. गाठी कमी झाल्या नाहीत, तर अस्तराचा नमुना तपासायचा का तेही विचारा. आणि ९.२ ला लोहाची गोळी सुरू आहे ना? चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.