मदत हवी आहे: दादाच्या मृत्यूची तक्रार मानवी हक्क आयोगाकडे करायची आहे, २३ दिवस उरलेत

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. विषय घरचा आहे, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ गेल्या वर्षी सेप्टिक टँकमध्ये गुदमरून गेला. वय ३४. पुण्यातच, नगर रस्त्याकडच्या एका खासगी सोसायटीत. तो काही कायम त्या कामातला नव्हता. सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहायचा, बिगारी, रंगकाम, राडारोडा उचलणं, मिळेल ते करायचा. त्या दिवशी ठेकेदार आला, म्हणाला चेंबर तुंबलंय, दोघं पाहिजेत, आठशे रुपये हजेरी. अड्ड्यावर पंधरा-वीस जण होते. त्याने कुणाला काम येतं का असं विचारलं नाही. कुठल्या वस्तीतले, एवढंच विचारलं, आणि आमच्या वस्तीतले दोघे घेतले. हे मला त्या दुसऱ्या मुलाने सांगितलं, तो वाचला म्हणून.

आधी तो मुलगा उतरला आणि लगेच कोसळला. त्याला काढायला दादा उतरला. दादाने त्याला खालून वर लोटलं, वरच्यांनी त्याचा हात धरून ओढला. दादा वर आला नाही. दोर नव्हता, मास्क नव्हता, काहीच नव्हतं. अग्निशमनच्या जवानांनी त्याला बाहेर काढलं. मी पोचलो तेव्हा चेंबरच्या कडेला त्याच्या चपला जोडीने काढून ठेवलेल्या होत्या आणि एका चपलेत मोबाईल होता. पाणी लागू नये म्हणून ठेवला असणार.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार घरी आला, वहिनीच्या हातात पन्नास हजार ठेवले आणि स्टॅम्प पेपरवर सही घेतली. 'आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही' असं त्यावर लिहिलंय. वहिनी दहावी शिकलेली आहे, तिला वाचता येतं. पण त्या दिवशी ती काहीच वाचत नव्हती.

पोलिसांत 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद आहे. शवविच्छेदन अहवालात मृत्यूचं कारण राखून ठेवलंय, व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) तपासणीला पाठवलाय. तो अहवाल अजून आलेला नाही. भरपाईसाठी एका कार्यालयात गेलो, तर म्हणाले तुमचा भाऊ सफाई कामगारांच्या यादीत नाही. दुसरीकडे म्हणाले सोसायटी खासगी आहे, यात सरकारचा काय संबंध. मी झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. सगळ्या कागदांच्या चार चार प्रती आहेत माझ्याकडे, पण त्या कुठे द्यायच्या तेच कळत नाही.

आता कुणीतरी सांगितलं की राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते, पण घटनेपासून वर्षाच्या आत. आमच्याकडे २३ दिवस आहेत. दिल्लीला करावी की मुंबईला राज्य आयोगाकडे? दोन्हीकडे केली तर चालेल का? मराठीत लिहिली तर घेतील का? आणि त्या स्टॅम्प पेपरमुळे सगळं संपलंय का? वकिलाचे पैसे आत्ता शक्य नाहीत. पोरं दोन आहेत, सहावीत आणि बालवाडीत.

*

मुळाकाठ:
दादांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. स्वतः बाहेर होते, दुसऱ्यासाठी उतरले. हे तक्रारीत जसं लिहिलंय तसंच येऊ द्या.

वर्षाचं जे ऐकलंत ते बरोबर आहे. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा, राष्ट्रीय आयोग त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला स्थापन झाला. या कायद्याचं कलम ३६ नीट वाचा. त्यात दोन अटी आहेत. घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करत नाही. आणि राज्य आयोगापुढे किंवा कायद्याने नेमलेल्या दुसऱ्या आयोगापुढे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही. म्हणून दोन्हीकडे करू नका, एकच निवडा. दिल्लीला केलीत तर ते प्रकरण राज्य आयोगाकडे वर्गही करू शकतात, त्याने घाबरून जाऊ नका.

मराठी चालते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेतली तक्रार ते घेतात. फी नाही, वकील लागत नाही. आयोगाच्या एचआरसीनेट पोर्टलवर ऑनलाइन करा आणि एक प्रत स्पीड पोस्टने पाठवा: मानव अधिकार भवन, सी ब्लॉक, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. पोस्टाची पावती जपून ठेवा. अडलंच तर १४४३३ हा त्यांचा टोल फ्री नंबर आहे.

*

कोरा_कागद:
मी काही वर्षं असंघटित कामगारांच्या तक्रारी लिहून देण्याचं काम केलंय. वर सांगितलेलं सगळं बरोबर, पण तक्रार फेटाळली जाते ती बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने. तुमच्या मसुद्याचं पहिलं वाक्य काय आहे ते इथे टाकता का?

*

धागाकर्ता:
पहिलं वाक्य असं आहे: 'ठेकेदाराने माझ्या भावाला सुरक्षा साधने न देता कामाला लावले व मजुरीही दिली नाही, त्यामुळे त्याच्यावर कारवाई व्हावी.'

*

कोरा_कागद:
मला वाटलंच होतं. असं वाक्य आलं की तुमचं प्रकरण मालक-मजूर वाद होतं, आणि कामगार वाद आयोग बघत नाही. दोन खासगी माणसांमधलं भांडण तर नाहीच नाही. कलम १२ प्रमाणे आयोग काय बघतो? लोकसेवकाने, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने वा कर्मचाऱ्याने, हक्कभंग केला का, किंवा हक्कभंग रोखण्यात हयगय केली का. तुमच्या वाक्यात लोकसेवक कुठेच नाही.

पण तुमच्या हकिगतीत तो आहे. गुन्हा दाखल न करता अकस्मात मृत्यू लिहून थांबले, ते लोकसेवक. यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलं, तेही. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यात कलम ७ आहे: कुठल्याही व्यक्तीने, स्थानिक संस्थेने किंवा एजन्सीने गटारात वा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायचा नाही. 'कुठल्याही व्यक्तीने' म्हणजे सोसायटीही आली आणि ठेकेदारही. हा कायदा जिल्ह्यात पाळला जातोय का हे बघायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. म्हणजे सरकारचा संबंध आहे.

असं लिहून बघा: 'माझा भाऊ दि. अमुक रोजी सेप्टिक टँकमध्ये उतरवला गेल्याने मृत्यू पावला. २०१३ च्या कायद्याने हे काम करून घेण्यास मनाई असतानाही पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही आणि जिल्हा प्रशासनाने अकरा महिन्यांत भरपाई दिली नाही.' ठेकेदार दुसऱ्या परिच्छेदात येऊ द्या. प्रत्येक कार्यालयात कोणत्या तारखेला गेलात आणि पोच मिळाली का, ते तारीखवार. रागाची विशेषणं काढून टाका. चपला राहू द्या.

वस्ती विचारून निवडल्याचं मात्र स्वतंत्र परिच्छेदात लिहा, आणि त्या मुलाचा सहीचा जबाब जोडा. तुम्ही अनुसूचित जातीचे असाल तर जातीचा दाखलाही जोडा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला हे काम करायला लावणं हा अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली २०१५ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे.

*

निळी_सायकल:
थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आयोग फक्त शिफारस करतो. भरपाई द्या, खटला चालवा, असं सरकारला सांगतो. स्वतः कुणाला शिक्षा देऊ शकत नाही. एवढी धावपळ करायची तर सरळ उच्च न्यायालयात का जात नाही? २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोवंडीच्या प्रकरणात नेमकं हेच केलंय. २०१९ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत तिघे गेले होते. त्यांच्या बायका कोर्टात गेल्या. कोर्टाने जिल्हाधिकाऱ्यांना प्रत्येकीला १० लाख द्यायला सांगितले, आणि ती रक्कम सरकारने मागाहून जबाबदार माणसाकडून वसूल करावी. 'खासगी सोसायटी आहे' म्हणणाऱ्यांना हा निकाल दाखवा.

*

कोरा_कागद:
निकालाची आठवण दिलीत ते फार चांगलं केलंत, तक्रारीला तो जोडाच. शिफारशीबद्दल म्हणाल तर तेही खरं. पण चौकशीपुरते आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, तो अहवाल मागवतो, साक्षीदाराला बोलावू शकतो. ज्या फाईलवर अकरा महिने कुणी बोट ठेवलं नाही, तिच्यावर दिल्लीहून नोटीस आली की ती निदान उघडावी लागते. कोर्टाचा रस्ता त्याने बंद होत नाही. उलट आयोग स्वतःही उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो.

शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वहिनींना घेऊन याच आठवड्यात जा.

एक कटू गोष्टही सांगतो. २०१३ च्या कायद्याखालचा खटला चालायला तक्रार तीन महिन्यांत व्हावी लागते, कलम १० आहे तसं. तुमचा एखादा अर्ज त्या मुदतीतला असेल आणि त्यावर पोच असेल तर तो कागद सोन्यासारखा जपा. नसेल तरी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली लागू शकतो. भरपाईला ही तीन महिन्यांची अट नाही.

*

धागाकर्ता:
अर्ज सापडला. घटनेनंतर दोन महिने नऊ दिवसांनी वहिनीने दिलेला, मागे गोल शिक्का आहे. मी त्याची झेरॉक्स काढली होती आणि विसरून गेलो होतो.

भरपाई नक्की किती मागायची? काही जण १० लाख म्हणतात, काही ३०.

*

मुळाकाठ:
३० मागा. १० लाख हा २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातला आकडा. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तो ३० लाख झाला, आणि कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख. तुमची घटना त्यानंतरची आहे. ठेकेदाराचे पन्नास हजार लपवू नका, मिळाले तसे लिहा आणि सही कुठल्या दिवशी, कुठल्या अवस्थेत घेतली तेही लिहा. कायद्याने मनाई असलेलं काम करून घ्यायचं आणि वर विधवेची सही घेऊन मोकळं व्हायचं, असं होत नाही. त्या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. घरी केलेल्या कागदाने ते मिटत नसतात.

*

धागाकर्ता:
उशिरा कळवतोय. परवा रात्री पोर्टलवर तक्रार भरली, डायरी नंबर आला. काल स्पीड पोस्टही गेलं, जोडपत्रांसह ४१ पानं. तक्रारदार म्हणून वहिनीचं नाव आहे. ती स्वतः म्हणाली की या वेळी मी आधी सगळं वाचणार. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बसलो, तिने प्रत्येक पान वाचलं आणि मग सही केली. एका जागी तिने बदल करायला लावला. मी 'अकस्मात मृत्यू झाला' असं लिहिलं होतं, पोलिसांच्या कागदातलं जसंच्या तसं आलं होतं हाताखालून. तिने ते खोडलं आणि 'अशी नोंद करण्यात आली' असं लिहिलं.

वाचलेल्या मुलाने जबाब दिला. आधी नको म्हणत होता, पुढे अड्ड्यावर कोणी काम देणार नाही या भीतीने. त्याची आई त्याला घेऊन आली.

विधी सेवा प्राधिकरणात सोमवारी जातोय. आता एवढंच सांगा, व्हिसेरा अहवाल प्रयोगशाळेतून पोलिसांकडे आलाय की नाही हे माहिती अधिकारात विचारता येईल का, आणि अर्ज पोलीस ठाण्याच्या नावे करायचा की प्रयोगशाळेच्या?

*

कोरा_कागद:
दोघांनाही वेगवेगळे अर्ज करा, दहा दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. प्रयोगशाळेच्या अर्जात अकस्मात मृत्यू नोंदीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव घाला, तुमच्या भावाच्या नावाने तिथे काही सापडणार नाही. अर्जाचा मसुदा झाला की इथे टाका, रात्री बघतो.