पडवीत बेडकाच्या तंगड्या कोण टाकतं?

खळ्यातली खुर्ची

दापोलीजवळच्या गावात राहते. मुंबईतली नोकरी संपली आणि तीन वर्षांपूर्वी सासरचं कौलारू घर उघडलं. मे महिन्यात उकाड्याने आत बसवत नाही, म्हणून सातला खळ्यात खुर्ची टाकते, सगळे दिवे घालवते आणि वर बघत बसते.

आधी पाकोळ्या, म्हणजे पक्षी, किंचाळत घिरट्या घालतात. त्या कधी आटोपतात ते कळतच नाही, कारण तेवढ्यात दुसऱ्या पाकोळ्या, म्हणजे वाशांच्या फटीतली चिमुकली वटवाघळं, बाहेर पडतात. आमच्याकडे दोघांना नाव एकच. सासूबाई म्हणायच्या, एक दिवसपाळी, एक रातपाळी. कॅलेंडरवर सूर्यास्ताशेजारी मी रातपाळीतली पहिली बाहेर पडल्याची वेळ पेन्सिलने लिहिते. काल सूर्यास्त ७.०३, पहिली ७.१४. लहानपणी आम्ही खडा वर उडवायचो आणि ती त्याच्यामागे झेप घ्यायची. परवा पुन्हा करून बघितलं. अजून फसतात!

पुरता अंधार झाला की परसातल्या केळफुलावर जरा मोठं काहीतरी येऊन क्षणभर चिकटतं आणि जातं. आणि आठच्या सुमाराला अगदी मोठी, सावकाश पंख मारत डोक्यावरून बांधावरच्या उंडीच्या झाडाकडे जातात. इथवर मला कळतं.

कळत नाही ते पुढचं. रोज सकाळी पडवीच्या एकाच कोपऱ्यात, पायपुसण्यावर, नाकतोड्यांचे पंख, पतंगांचे पंख, दोनदा बेडकाची तंगडी, एकदा पालीची शेपटी. मांजराला दोन आठवडे शिव्या घातल्या. मग तिला रात्री आत कोंडून पाहिलं, तरी तंगडी हजर. वर वाशाला काळपट डाग पडलाय. शेजारी म्हणतात, वाघूळ आहे, धूर करा, रक्त पितं. खरंच हे वटवाघळाचं काम असेल का?

गुहेतला मास्तर

वटवाघळाचंच काम आहे, आणि तुमच्या मांजरीची माफी मागायला हवी. वर्णनावरून हे मोठ्या कानांचं वटवाघूळ वाटतं. इंग्रजीत त्याला 'फॉल्स व्हॅम्पायर' म्हणतात, म्हणून रक्ताची अफवा. रक्त पिणाऱ्या तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून दक्षिणेकडे. तुमचा पाहुणा मांस खातो, पण भक्ष्य पकडून ठरलेल्या जागी आणून, उलटं लटकून. नको ते पंख, पाय खाली टाकतो. उंदराचं पिल्लू, छोटा पक्षी, कधी तुमच्या वाशातली पाकोळीसुद्धा. तेव्हा रातपाळीवाल्यांची फार खात्री देऊ नका.

ओळख सोपी: उंदरी करडा रंग, शेपूट नाही, आणि दोन्ही कान कपाळावर एकमेकांना जोडलेले. उडतं जमिनीलगत, आवाज न करता. अंधारात पाचोळ्यात बेडूक खसफसला की नुसत्या त्या आवाजावर नेम धरतं. इतर वटवाघळांसारखं सतत ओरडून प्रतिध्वनी ऐकण्याची त्याला दरवेळी गरज पडत नाही. केळफुलावरचं मात्र फळं आणि मध खाणारं, लहान नाकाचं. ते अगदी वेगळं.

धूर अजिबात करू नका. उन्हाळ्यात बऱ्याच जातींची पिल्लं आईच्या अंगाला चिकटलेली असतात. बघायचं असेल तर बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावा आणि लांबून बघा.

घोलवडचा चिकूवाला

सगळे इतके प्रेमात आहेत, म्हणून मीच वाईटपणा घेतो. झाडावर पिकलेला चिकू आणि पेरू आमच्याकडे वटवाघळं ठेवत नाहीत. पण खरं सांगायचं तर आम्ही चिकू कडक असतानाच उतरवतो, पिकतो तो नंतर घरात. तेव्हा त्यांच्या वाट्याला उरलंसुरलंच जातं. पेरूला जाळी लावली, तर ताणून लावतो. सैल सोडली की त्यात अडकतात, आणि सकाळी ते सोडवणं म्हणजे शिक्षा.

वडील बंदूक आणायच्या गोष्टी करायचे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर 'उपद्रवी' यादीत होती. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. आता तो विषय बंद.

तुमच्या उंडीखाली मात्र सकाळी बघा. आमची आजी अशाच झाडाखालच्या बिया गोळा करायची. गर वटवाघळं खातात, कवच तसंच खाली. त्याचं तेल दिव्याला.

काळजीवाली_सातारा

बघा, पण जरा जपून. २०२०मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून नमुने घेतलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला निपाह विषाणूची प्रतिपिंडं आढळली होती. प्रतिपिंडं म्हणजे साथ नव्हे, घाबरायला सांगत नाही. पण उष्टं फळ मुलांना खाऊ देऊ नका, खाली पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. चावलंच तर जखम साबणाने भरपूर धुऊन लगेच दवाखाना, रेबीजच्या लसीसाठी. आणि पडवी कोरडी झाडण्यापेक्षा आधी पाणी शिंपडा.

खळ्यातली खुर्ची

मास्तर, पाहिलं! काल पडवीचा दिवा घालवून आतल्या खोलीच्या खिडकीशी बसले. दिवाळीतल्या आकाशकंदिलाचा उरलेला लाल कागद बॅटरीला रबराने बांधला होता. पावणेदहाला आलं. आवाज शून्य. आधी वाटलं वाशावरून काहीतरी ओघळलं. मग कान दिसले. इतके मोठे, आणि खरंच मधे जोडलेले. तोंडात नाकतोडा, आणि खाताना कुर्र कुर्र आवाज, जसा कोणी पापड लपून खातं. मग एक पंख भिरभिरत बरोब्बर पायपुसण्यावर.

शेजाऱ्यांना बोलावलं होतं, ते धुराचं काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "झुरळं खातं का?" मी हो म्हणून ठोकून दिलं. बरोबर आहे ना?

उंडीखाली मूठभर बिया मिळाल्या. पायपुसणं उचललंय. त्या कोपऱ्यात आता जुनं वर्तमानपत्र पसरते.

गुहेतला मास्तर

बरोबर. मोठे किडे सगळेच खातं. पेपर मात्र रोज बदला.